डोक्याचा एमआरआय : चुंबकाइतकीच कॉइलही महत्त्वाची

एमआरआय तपासणीचा सल्ला मिळताच रुग्णाचे नातलग पहिला प्रश्न विचारतात, तो यंत्र किती टेस्लाचे आहे, हा. आमच्या देणगीदारांच्या मनातही बहुधा हाच प्रश्न असतो. चुंबक जितका मोठा तितके चित्र चांगले, हा समज खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. मेंदूचे चित्र कसे येते, हे डोक्याभोवती बसविल्या जाणाऱ्या पिंजऱ्यासारख्या भागावरही अवलंबून असते. या भागास कॉइल म्हणतात.

शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. चुंबकीय क्षेत्रात त्यांची केंद्रके ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींनाच प्रतिसाद देतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लात १२८, तर ७ टेस्लात सुमारे २९८ मेगाहर्ट्झ असते. कॉइल ही या लहरींची अँटेनाच होय. ट्रान्झिस्टरचे बटण फिरवून आपण आकाशवाणी लावतो, त्याप्रमाणे तांब्याच्या पट्ट्या व कपॅसिटर यांची जुळणी करून कॉइल नेमक्या वारंवारतेस लावली जाते. ती डोक्याजवळ असल्यामुळेच मेंदूतून येणारा अतिशय क्षीण संकेत टिपता येतो.

क्षेत्र वाढले की खरी कसोटी सुरू होते. १.५ टेस्लाला मेंदूतील रेडिओलहरीची लांबी सुमारे अर्धा मीटर असते. ७ टेस्लाला ती सुमारे १३ सेंटीमीटर, म्हणजे डोक्याच्या लांबीहूनही कमी होते. लहानशा हौदात दगड टाकला तर लाटा काठांवरून परततात व एकमेकींत मिसळून कोठे उंचावतात, तर कोठे विरतात. डोक्यातही तसेच घडते. मेंदूचा मध्यभाग उजळ दिसतो आणि कानशिलालगतचा भाग अंधारतो. अपस्माराचे मूळ पुष्कळदा याच भागात असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंधाराचे गांभीर्य कळते.

यावर उपाय म्हणून अभियंते एकाऐवजी आठ किंवा सोळा लहान कॉइल डोक्याभोवती मांडतात व प्रत्येकीस वेगळ्या जोराने, वेगळ्या क्षणी लहरी सोडण्यास लावतात. शेजारच्या कॉइल एकमेकींत ढवळाढवळ करू नयेत, म्हणून त्यांच्या कडा मोजून एकमेकींवर चढविल्या जातात. शिवाय लहरींची ऊर्जा शरीरात उष्णता होऊन मुरते. डोक्यासाठी तिची सरासरी मर्यादा किलोमागे ३.२ वॅट आहे. ती कोठेही एकवटू नये, याचा हिशेब संगणकावर आधीच करावा लागतो.

या प्रयत्नांना यश येत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ७ टेस्लाच्या यंत्रास रुग्णतपासणीची पहिली मान्यता दिली. २०२४ मध्ये फ्रान्समधील ११.७ टेस्लाच्या यंत्राने घेतलेली मानवी मेंदूची चित्रे प्रसिद्ध झाली. आपल्याकडे मुंबईच्या ‘समीर’ या शासकीय संस्थेच्या पुढाकाराने १.५ टेस्लाचे स्वदेशी यंत्र विकसित झाले. त्याच्या चाचणीसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार झाला.

मेहकर, लोणार वा संग्रामपूर तालुक्यांतील खेड्यातून येणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णास मात्र ७ टेस्लाची गरज नसते. त्यास वेळेवर तपासणी हवी असते आणि १.५ टेस्लाच्या यंत्राची सुस्थितीतील कॉइल हवी असते. म्हणून यंत्रासाठी दान देताना कॉइलच्या देखभालीचाही विचार व्हावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

नातलगांनाही एक विनंती आहे. जोडवी, मंगळसूत्र, ताईत, चांदीचा करदोडा घरीच उतरवून यावे. सोन्याचांदीस चुंबक ओढत नाही, हे खरे. परंतु रेडिओलहरींनी धातू तापून त्वचा भाजू शकते. शरीरात पेसमेकर वा शस्त्रक्रियेची क्लिप असल्यास ते तपासणीपूर्वीच सांगावे. आपण दिलेली एवढी माहितीही रुग्णाचे रक्षण करते.