पायी चालणाऱ्याला गाडीने उडवलं, तर दावा कसा उभा करायचा

गाडीत बसलेल्याला अपघात झाला की निम्मे कागद आधीच तयार असतात. आरसी असते, पॉलिसी असते. गाडीच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या हातात फक्त पिशवी असते. तिची स्वतःची विमा कंपनी नाही. तिला भरपाई मिळते ती धडक देणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून, आणि पुरावा तिच्या घरच्यांनाच गोळा करावा लागतो. जासईसारख्या गावात, जिथून न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर दिवसरात्र जातात, ही माहिती घरोघरी असायला हवी.

आधी जखमीला दवाखान्यात न्या. ११२ वर फोन करा. मे २०२५पासून लागू असलेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार होतात. पायी चालणाराही त्यात येतो. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद होते, तेव्हा ‘रस्ता ओलांडताना अमुक गाडीची धडक’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘पडल्याने इजा’ लिहिलं गेलं, तर पुढे विमा कंपनीचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो.

त्याच वेळी दुसरं कुणीतरी जागेवर थांबावं. गाडीचा नंबर, दारावरचं ट्रान्सपोर्टचं नाव आणि कंटेनरवरचा नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, यांचे फोटो काढा. नंबरप्लेट चिखलाने माखलेली असते, पण कंटेनरचा नंबर ठळक असतो. बंदराच्या गेटवर कंटेनरची नोंद राहते, त्यामुळे पळालेला ट्रेलर त्यावरून शोधायला पोलिसांना मदत होते. जवळच्या दुकानांचं आणि टपऱ्यांचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. ते राखून ठेवण्याची मागणी पोलिसांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

एफआयआर देताना हद्द कोणत्या पोलीस ठाण्याची, यावर अडून बसू नका. झिरो एफआयआर कुठेही घ्यावाच लागतो. पंचनाम्यावर मात्र जीव ओतून लक्ष द्या, कारण पायी चालणाऱ्याची केस इथेच जिंकली किंवा हरली जाते. दोन गाड्यांच्या टकरीत आतल्या प्रवाशाला कुणाची चूक किती, हे ठरवत बसावं लागत नाही. दोन्हीपैकी कोणत्याही गाडीकडून तो पूर्ण भरपाई मागू शकतो. पायी चालणाऱ्यावर मात्र ‘अचानक आडवा आला’ हा आरोप ठरलेला, आणि तो टिकला की तेवढ्या हिश्शाने रक्कम कापली जाते. म्हणून फुटपाथ होता का, त्यावर गाड्या उभ्या होत्या का, झेब्रा पट्टे पुसले होते का, दिवा चालू होता का, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, हे सगळं पंचनाम्यात आणि तुमच्या फोटोंत यायला हवं. फुटपाथ हा पायी चालणाऱ्याचा घटनात्मक हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये म्हटलं आहे. जिथे फुटपाथच नाही, तिथे माणूस रस्त्याच्या कडेने चालला हा त्याचा दोष कसा?

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. प्रती मागून घ्या. पण त्यावर विसंबून राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा स्वतःचा अर्ज सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात दाखल करा. अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. मुदत उलटली असली तरी वकिलाला भेटा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

विमा कंपनी लवकर तडजोडीला आली, तर रक्कम कोणत्या कलमाखाली देत आहे, ते विचारा. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध करावी लागत नाही; मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ही रक्कम स्वीकारली की कलम १६६चा अर्ज संपतो.

आता आकडा. समजा, गुडघ्याला इजा झालेली ३८ वर्षांची मासळी विकणारी बाई, महिन्याची कमाई १५,००० रुपये. पगाराची स्लिप नाही. मग बाजाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि गिऱ्हाइकांची साक्ष द्या. वर्षाचे १,८०,०००, पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००, वयाप्रमाणे गुणक १५. झाले ३७,८०,०००. डॉक्टरांनी गुडघ्याचं अपंगत्व २० टक्के लिहिलं, म्हणून ७,५६,००० वर सही करू नका. पाटी डोक्यावर घेऊन चालता येत नसेल, तर तिच्या धंद्याचं नुकसान त्याहून मोठं आहे, आणि राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालानुसार मोजायची ती कमाईची क्षमता. ती ४० टक्के घटली हे पटवता आलं, तर हीच रक्कम १५,१२,००० होते. उपचार, वेदना, सोबतीला राहणाऱ्याचा खर्च वेगळा. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही न्यायालयं उत्पन्न धरतात, ते मागायला संकोचू नका.

गाडी सापडलीच नाही, तर तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात हिट अँड रन योजनेचा अर्ज करा: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. नंतर गाडी सापडून भरपाई मिळाली, तर हे पैसे परत वळते होतात.

लोकअदालतीत बसण्याआधी वरचा हिशेब कागदावर मांडून न्या. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील होत नाही. म्हणून व्याज धरलं आहे का आणि रक्कम थेट जखमीच्या खात्यात येणार का, हे वाचूनच सही करा.