पिशवीतल्या रोपाला पाणी किती?



एप्रिल लागला की आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. भातसा, तानसा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी मात्र मुंबईला! ते दुखणं मोठं आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. पण आपल्यातल्या ज्या गटांनी मागच्या पावसाळ्यात जांभूळ, मोह, शिवण पिशवीत लावलंय, त्यांना ती रोपं जूनपर्यंत जगवायची आहेत. रोप मेलं तर त्याचे पैसे येत नाहीत, आणि पाणी तर डोक्यावरच्या हंड्यातून आणायचं.

आधी एक हिशेब करू. ५ बाय ७ इंचाची पिशवी भरली की तिचं तोंड साधारण सव्वातीन इंच रुंद होतं. समजा, प्रत्येक रोपाला रोज १०० मिली पाणी लागतं. म्हणजे १००० पिशव्यांना १०० लिटर, १५ लिटरचे सात हंडे. पण आपण वरून झारी फिरवतो. पिशव्या एकमेकींना चिकटून रांगेत असल्या तरी गोल तोंडांच्या मधे जागा राहते आणि पाचवा हिस्सा पाणी तिथे पडतं, म्हणजे हंडे नऊ. आणि दोन पिशव्यांमधे एकेका पिशवीइतकी जागा सोडली असेल तर? पाचातले चार हिस्से जमिनीवर! तेवढ्याच रोपांना तेहतीस-चौतीस हंडे. पटत नसेल तर वाफ्यात पिशव्यांच्या मधे चार वाट्या ठेवा आणि नेहमीसारखं पाणी घाला. वाट्यांत काय जमलं ते सगळ्याजणींनी मिळून बघा.

म्हणून रोपं लहान आहेत तोवर पिशव्या चिकटून लावा. मोठी झाल्यावर पानं एकमेकांत अडकायला लागली की अंतर द्यावंच लागतं. मग झारी सोडा, मगाने एकेका पिशवीत पाणी द्या. वेळ जास्त जातो, मान्य आहे. पण विहिरीच्या फेऱ्या त्याहून जास्त वेळ खातात.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. वरून माती ओली दिसत होती, तरी रोपं मान टाकत होती. एक पिशवी फाडून बघितली तर आतला गोळा कोरडा खडखडीत. माती फार वाळली की आकसते, पिशवीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. अशा पिशवीला एकदम भरपूर ओतू नका. थोडं द्या, अर्धा तास थांबा, परत थोडं द्या. पहिल्या पाण्याने माती फुगते, दुसरं आत मुरतं.

पाणी द्यायचं की नाही हे वरचा रंग बघून ठरवू नका. पिशवी उचलून बघा. पाणी दिल्यावरचं वजन हाताला कळतं, वाळल्यावरचंही कळतं. आठवडाभरात सवय होते. वाफ्याच्या कडेच्या पिशव्यांना ऊन-वारा जास्त लागतो, त्या आधी वाळतात. मधल्या पिशव्यांना त्यांच्याइतकंच पाणी देत बसलं तर तिथे मुळं कुजतात. पिशवीला खाली भोकं आहेत ना, तेही बघा. शिवणीचं मोठ्या पानांचं रोप आणि शेजारी बारकं रोप असंही ठेवू नका, दोघांची तहान वेगळी.

पाणी सकाळी लवकर द्या. पिशवीच्या तोंडावर भाताचा तूस किंवा सुका पाला पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

लागवडीआधी दोन-तीन आठवडे पाणी हळूहळू कमी करायचं आणि सावलीही कमी करायची, म्हणजे रोप काटक होतं. तेव्हाच पिशव्या जागच्या हलवा. खालून जमिनीत गेलेली मुळं तुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस मात्र पाण्यात काटकसर नको.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या वाफ्याला रोज किती हंडे लागतात ते वहीत लिहून आणा. वाट्या ठेवायच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही.