विषाणुजन्य कावीळ आणि यकृतातील पेशी

पिरंगुट व मुळशी तालुक्यातील इतर गावांत भाताची आवणी चालू असते तेव्हाच पिण्याच्या पाण्याचीही परीक्षा असते. पाणी बिघडले तर काही आठवड्यांनी घरोघरी एकच तक्रार ऐकू येऊ लागते : अन्नावरची वासना उडाली, मळमळते, लघवी गर्द पिवळी होते. पुढे डोळे पिवळे झाले म्हणजे कावीळ झाली असे म्हणतात. वस्तुतः कावीळ हा रोग नसून लक्षण होय. बिघाड असतो तो यकृतात, म्हणजे खेड्यात ज्यास काळीज म्हणतात त्या अवयवात.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असून ते उजव्या बरगड्यांखाली असते. आतड्यांत शोषलेला अन्नरस घेऊन येणारे रक्त प्रथम यकृतातून जाते. तेथील पेशी साखर साठवितात, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करतात व विषारी पदार्थ निकामी करतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात. त्यांतून निघणारा बिलिरुबिन नावाचा पिवळा रंजक यकृतपेशी पित्तावाटे आतड्यात सोडतात. या पेशी आजारी पडल्या की रंजक रक्तात तुंबतो आणि डोळे पिवळे दिसतात.

यकृतास पीडा देणाऱ्या विषाणूंपैकी 'ए' व 'ई' हे दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. 'बी' व 'सी' यांचा प्रसार मुख्यतः रक्तातून, दूषित सुयांतून होतो. 'बी' हा शरीरसंबंधातून, तसाच बाळंतपणात मातेकडून बाळाकडेही जातो.

विषाणू यकृतपेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करवून घेतो. मात्र हे विषाणू सहसा स्वतः पेशी मारीत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. बाधा झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. मग रक्तातील लढाऊ पांढऱ्या पेशी येतात व ज्या पेशीत विषाणू आहे ती ओळखून मारतात. रोगट झाड उपटावे तसाच हा प्रकार आहे. काही पेशी आक्रसून मरतात, काही फुगून फुटतात. त्यांच्यातील द्रव्ये रक्तात उतरतात, प्रयोगशाळेत एस.जी.पी.टी. म्हणून मोजतात ते त्यांपैकीच एक. मेलेल्या पेशींचे अवशेष यकृतातील भक्षक पेशी गिळून टाकतात.

पुढचे काम नांग्या भरण्याचे. शिल्लक राहिलेल्या निरोगी पेशी विभागून रिकामी जागा भरून काढतात. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढला तरी ते आठवडा-दोन आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत आकाराचे होते. म्हणूनच 'ए' व 'ई' यांचे बहुतेक रोगी विश्रांतीने व साध्या आहाराने काही आठवड्यांत बरे होतात. कावीळ उतरविणाऱ्याचे नाव होते ते याच कारणाने. हात चुन्याच्या पाण्यात धुवून पिवळे पाणी दाखविल्याने यकृतातील काहीही बाहेर पडत नाही, आणि डागण्या दिल्याने तर जखमा मात्र होतात.

'बी' व 'सी' यांची गोष्ट निराळी. ते काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडतात. पेशी मरणे व भरून येणे सतत चालू राहिले की यकृतातील तारकाकृती पेशी चिवट तंतू विणू लागतात. शेतात हराळी माजावी तसे हे तंतू पसरून यकृत कठीण व गाठाळ होते. अशा रोग्याने दारू घेणे घातक होय. बुरशी आलेला भुईमूग किंवा मका खाण्यात येऊ नये, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष व 'बी' विषाणू एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. 'बी'ची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळास टोचून घ्यावी. 'सी' बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

साथीचे स्वरूप समजण्यास दिल्लीचे उदाहरण पुरे आहे. १९५५-५६ मध्ये तेथे यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तपासणी १९८० साली प्रसिद्ध झाली. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा वाटा होता. ती साथ 'ए'ची नव्हती असे त्यावरून ठरले व पुढे ती 'ई'ची असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातही इचलकरंजीने २०१२ साली अशी साथ अनुभवली.

नळाचे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. पाणी बंद झाले की नळातील दाब उतरतो, आणि गळका नळ गटारालगत असल्यास घाण पाणी आत ओढले जाते. ज्या गावी कारखान्यांमुळे वस्ती झपाट्याने वाढली तेथे हे विशेष पाहावे. गळती काढावी, टी.सी.एल. पावडर घातल्यावर तासभर थांबून क्लोरिनची चाचणी घ्यावी व साथीत पाणी उकळूनच प्यावे. लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत 'ई'मध्ये २ ते ८ आठवडे जातात, म्हणून आजचा रोगी दिसला की मागील दोन महिन्यांतील पाण्याची चौकशी करावी.

गरोदर स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई'ची कावीळ झाल्यास शंभरांत वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. तिचे डोळे पिवळे दिसताच, ती भ्रमिष्टासारखी बोलत नसली किंवा रक्तस्राव होत नसला तरीही, झाडपाल्यात एक दिवसही न घालविता तिला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवावे.