वीस व्हायोलिनांत एकच व्हायोलिन ऐकू कसे येते?

प्रश्न : लेकीकडे अमेरिकेत गेले असताना तिच्या गावातल्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला. कोणी शिक्षिका, कोणी दंतवैद्य, अशी सगळी गावातलीच मंडळी. मध्ये बाहेरगावची एक तरुण व्हायोलिनवादक आली आणि पुढे उभी राहून, समोर कागदही न ठेवता, अर्धा तास वाजवून गेली. मागे पंधरा-वीस व्हायोलिने वाजत होती, माईक नव्हता, तरी हिचे व्हायोलिन स्पष्ट ऐकू येत होते. हे कसे? आणि इतकी तयारीची कलाकार हौशी मंडळींबरोबर का वाजवते? आपल्याकडे असे काही झाले आहे का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : तुम्ही ऐकलेत ते बहुधा ‘कन्चेर्तो’ असावे. एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी मुद्दाम लिहिलेली ही रचना असते. तिचे बहुतेक वेळा तीन भाग असतात : जलद, संथ आणि पुन्हा जलद. पुढे उभ्या राहणाऱ्या वादकाला सोलोइस्ट म्हणतात.

आता आवाजाचे कोडे. वीस व्हायोलिनांचा आवाज एका व्हायोलिनच्या वीसपट असणार, असे आपण गृहीत धरतो. पण वाद्ये वाढतात त्या प्रमाणात कानाला जाणवणारा आवाज वाढत नाही. दहा व्हायोलिने एकत्र वाजली, तर एकाच्या तुलनेत आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे सोलोइस्टपुढचे आव्हान आपण समजतो त्यापेक्षा बरेच लहान असते.

दुसरे असे, की वीस माणसे एकच सूर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर वर-खाली असतो आणि प्रत्येकाचा गज किंचित मागे-पुढे पडतो. त्यामुळे समूहाचा आवाज मऊ आणि पसरट होतो. एकट्या व्हायोलिनचा सूर रेखीव राहतो आणि कान त्याला नेमका पकडतो. त्यातून सोलोइस्ट पुढे उभी असते आणि तिच्या वाद्याचा आवाज थेट प्रेक्षकांकडे जातो.

पण खरे श्रेय मी संगीतकाराला देईन. मोझार्टची पाच व्हायोलिन कन्चेर्तो आहेत. पहिले 1773 मधले, उरलेली चार 1775 मधली. त्यांना मुख्यतः तंतुवाद्ये आणि दोन ओबो व दोन हॉर्न ही फुंकवाद्ये एवढाच ताफा लागतो, म्हणून लहान वृंदांना ती परवडतात. सोलोइस्ट थांबते तेव्हा त्यांत सगळा वृंद मोकळेपणाने वाजतो. ती सुरू झाली की ओबो-हॉर्न बरेचदा गप्प होतात आणि मागे काही तंतुवाद्यांची हलकी साथ उरते. संचालकही अशा वेळी मागच्या रांगांना थांबवू शकतो. गिटारसारख्या हळू आवाजाच्या वाद्यासाठी तर फारच जपून लिहावे लागते. संगीतकार होआकिन रोद्रिगोने ‘कन्चेर्तो दे आरान्हुएझ’मध्ये (पहिला प्रयोग बार्सिलोना, 1940) गिटार वाजत असताना वृंदाचा पूर्ण आवाज क्वचितच येऊ दिला आहे. तरीही मोठ्या सभागृहात या रचनेच्या वेळी गिटारला पुष्कळदा माईक लावतात.

कागद नसणे ही प्रथा आहे, सक्ती नाही. एकोणिसाव्या शतकात क्लारा शुमान आणि फ्रान्झ लिस्ट यांच्यासारख्या पियानोवादकांनी ती रुळवली. कागद नाही म्हणून सोलोइस्ट आयत्या वेळी सुचेल ते वाजवते, असा मात्र अनेकांचा समज होतो. तसे नसते, तिचा प्रत्येक सूर लिहिलेला असतो. एका जागी पूर्वी मोकळीक असे. वृंद थांबतो आणि सोलोइस्ट एकटीच वाजवते, त्या भागाला कादेन्झा म्हणतात. मोझार्टने आपल्या व्हायोलिन कन्चेर्तोंसाठी कादेन्झा लिहून ठेवलेले नाहीत, त्यामुळे आजचे वादक नंतरच्या कोणी लिहिलेले वाजवतात किंवा स्वतः रचतात. बीथोव्हेनने मात्र पाचव्या पियानो कन्चेर्तोत इथे वेगळा कादेन्झा वाजवू नये, अशी सूचनाच लिहून ठेवली. कादेन्झाच्या शेवटी सोलोइस्ट सहसा दोन सुरांमध्ये लांब, थरथरते आंदोलन करते. ती वृंदासाठी खूण असते : तयार राहा, आता तुमची पाळी.

हौशी वृंदाची खरी परीक्षा सोलोइस्टला साथ देताना होते. सोलोइस्ट एखाद्या जागी लय किंचित रोखते, पुढे सैल सोडते. संचालक तिला ऐकतो आणि हाताने ती लय वृंदापर्यंत पोहोचवतो. पण वादकांचे डोळे नोटेशनमध्ये रुतलेले असतील तर हात दिसणार कसा? शिवाय मागच्या रांगेतल्यांना सोलोइस्टचा आवाज प्रेक्षकांइतका स्पष्ट येत नाही. आपल्या मैफिलीत तबलजी गायकाच्या शेजारी बसून त्याचा श्वाससुद्धा टिपतो. इथे तेच काम चाळीस माणसांना दुरून, एका हाताकडे बघून करायचे असते. म्हणून सोलोइस्टला साथ करणारा हौशी वृंद मला सोलोइस्टविना सिम्फनी वाजवणाऱ्या वृंदापेक्षा अधिक कौतुकाचा वाटतो. त्यातही सोलोइस्ट बहुधा शेवटच्या एक-दोन तालमींनाच येते. तोवर वृंदाने आपली बाजू तिच्याविना बसवलेली असते.

मग ती येते कशासाठी? काही वेळा मानधन असते, पण तेवढ्यासाठी नाही. कन्चेर्तो शिकणारा विद्यार्थी वर्षानुवर्षे ते पियानोच्या साथीने वाजवतो. वृंदाची बाजू पियानोवर बसवलेली असते. प्रत्यक्ष वृंदासमोर उभे राहण्याची संधी फार थोड्यांना मिळते. हॉर्नचा सूर पाठीमागून आला की काय वाटते, आपली लय चाळीस जणांपर्यंत पोहोचते का, हे पियानोबरोबर कळत नाही. लहान वृंद ही संधी देतात, म्हणून त्यांचे सोलोइस्ट बरेचदा स्पर्धेत जिंकलेले तरुण, जवळच्या विद्यापीठातले शिक्षक किंवा वृंदातलाच एखादा निपुण वादक असतात. अनुभवी कलाकारही नवे कन्चेर्तो मोठ्या मंचावर नेण्याआधी अशा ठिकाणी वाजवून पाहतात.

आपल्याकडचे उदाहरण आहे, मात्र ते व्यावसायिक वादकांचे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटांचे संगीत-संयोजक आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी त्यांनी 1958 मध्ये मुंबईत मोठा वृंद उभा केला आणि त्याच्यापुढे सोलोइस्ट म्हणून लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे पंडित रविशंकरांनी सतारीसाठी कन्चेर्तो रचले आणि 1971 मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर स्वतः वाजवले.

लेकीकडे पुन्हा जाल तेव्हा कार्यक्रमाबरोबरच शेवटच्या तालमीलाही बसू देता का, म्हणून त्या मंडळींना विचारून पाहा. कोणती जागा कितीदा थांबवून पुन्हा घेतात, तेवढे नीट ऐका.