गीझरवरचा ‘ई १’ : काय सांगतो, काय सांगत नाही



पौष-माघाच्या थंडीत आपल्या ग्वाल्हेरला सकाळी पाण्यात हात घालवत नाही. पूर्वी मराठी घरांतून तांब्याचा बंब पेटत असे. तो चौकात किंवा मागच्या पडवीत असे, धूर दिसे, डोळे चुरचुरत, आणि आजी मुलांना ओरडून दूर करी. आता बंबाची जागा भिंतीवरच्या गॅस गीझरने घेतली आहे. त्याचा धूर दिसत नाही, राख काढावी लागत नाही. पुढच्या बाजूस लहानशी काच असते, तिच्यात पाण्याचे तापमान दिसते, आणि काही बिघडले की आकड्यांच्या जागी ‘ई १’, ‘ई २’ अशी अक्षरे उमटतात. नववीच्या विज्ञानाच्या तासाला आम्ही विचारले, ही अक्षरे आली की घरी काय करता? बहुतेकांचे उत्तर एकच आले: “सर, नळ बंद करून पुन्हा चालू करतो.” या उत्तरासाठीच हा पाठ लिहीत आहोत.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेव्हा गीझरच्या पुस्तिकेतील हिंदी भागात ‘त्रुटि कोड’ असे वाचले की आम्हांस त्याचा अर्थ ‘चूक’ असा लागतो. मराठीत मात्र त्रुटी म्हणजे उणीव. येथे मराठी अर्थच अधिक चपखल बसतो, कारण यंत्र बहुधा एवढेच सांगत असते की मला अमुक एक गोष्ट मिळाली नाही. ती का मिळाली नाही हे त्याला कळत नाही. ते आपण शोधायचे असते.

आधी यंत्राचे काम पाहू. गरम पाण्याचा नळ उघडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने गीझरमधला रबरी पडदा सरकतो आणि एक लहान बटण दाबले जाते. त्याने आतील विद्युत पट्टी जागी होते. ती दीड-दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलांवर चालते, पण त्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी तयार करते आणि त्याच वेळी गॅसची झडप उघडते. ज्योत लागते. आता प्रश्न असा की ज्योत लागली हे यंत्राला कळते कसे? त्याला डोळे नाहीत.

येथे भौतिकशास्त्राचा एक सुंदर नियम कामाला येतो. साधी हवा विजेला वाट देत नाही, परंतु ज्योतीत धन आणि ऋण भारांचे कण मोकळे झालेले असतात, म्हणून ज्योतीतून अत्यंत अल्प वीज वाहू शकते. ज्योतीत एक बारीक धातूची कांडी ठेवलेली असते. कांडी लहान आणि खालचा बर्नर मोठा, त्यामुळे ही वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने फारशी जात नाही. हा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांशात मोजावा इतका क्षीण असतो. तो मिळाला की पट्टी समजते, ज्योत आहे. काही सेकंदांत तो मिळाला नाही, किंवा मधेच तुटला, तर पट्टी गॅसची झडप बंद करते आणि काचेवर अक्षर दाखवते. न जळालेला गॅस खोलीत साचू नये यासाठी ही योजना आहे. काही गीझरांत कांडीऐवजी उष्णतेने वीज निर्माण करणारी दोन धातूंची जोडी असते, परंतु तिचे कामही तेच.

पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकांत ‘ई १’ म्हणजे ज्योत लागली नाही किंवा विझली असे दिलेले असते. बाकीचे आकडे तापमान मोजणाऱ्या काडीचा बिघाड, पाणी फार तापणे, अशा गोष्टींसाठी असतात. मात्र सर्व कंपन्यांचे आकडे सारखे नाहीत. शेजाऱ्यांच्या गीझरचा अर्थ आपल्या गीझरला लावू नये, आपली पुस्तिका काढून पाहावी. सुमारे २० मिनिटांनी गीझर आपोआप बंद होणे हा पुष्कळ नमुन्यांत बिघाड नसून मुद्दाम ठेवलेली मर्यादा असते, तीही पुस्तिकेत लिहिलेली असते.

आता ‘ई १’ घ्या. सिलेंडर संपला असेल. रेग्युलेटर बंद राहिला असेल. नवा सिलेंडर लावल्यावर नळीत हवा अडकली असेल, ती दोन-तीन वेळा पेटवण्यात निघून जाते. सेल उतरले असतील, तर ठिणगीचा टकटक आवाज मंद येतो किंवा येतच नाही. कांडीवर काजळी बसली असेल, तर ज्योत लागलेली आपल्या डोळ्यांना दिसते आणि तरीही यंत्र ती लगेच विझवते. हे शेवटचे लक्षण ध्यानात ठेवा, कारीगराला सांगितले तर त्याचा अर्धा वेळ वाचेल.

थंडीचे आणखी एक कारण आहे. सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, आणि द्रवाची वाफ होताना तो आपल्या भोवतालची उष्णता घेतो. आपल्या सिलेंडरात प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे जानेवारीच्या पहाटे त्याच्यात फारसा जोर उरलेला नसतो. गीझर चुलीपेक्षा कितीतरी वेगाने गॅस ओढतो, तळाशी थोडाच द्रव उरला असेल तर तो गारठतो, सिलेंडरच्या बाहेर दंव दिसते, दाब उतरतो आणि ज्योत टिकत नाही. काही घरांत अशा वेळी सिलेंडर गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. तसे मुळीच करू नये.

एका अक्षरामागे एवढी कारणे. परंतु अजून एक उरले आहे, आणि ते पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. खोलीतील हवा संपत आली असली तरी ज्योत विझते.

हे गणिताने पाहा. नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी येते आणि ते १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे आहे, म्हणजे २५ अंशांची वाढ. विशिष्ट उष्णता ४.२ धरली तर मिनिटाला ६३० किलोज्यूल पाण्याला द्यावे लागतात. गीझर १०० पैकी ८० भाग उष्णता पाण्यात घालतो असे मानू, तर सुमारे ७९० किलोज्यूलचा गॅस जाळावा लागेल. एक किलो गॅसपासून साधारण ४६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे मिनिटाला १७ ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांच्या स्नानाला सुमारे २५० ग्रॅम गॅस. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास १५ किलोहून थोडी अधिक हवा लागते, तेव्हा आपल्या पाव किलोला जवळजवळ ४ किलो हवा, म्हणजे तीन घनमीटरच्या वर.

आता आपले न्हाणीघर मोजा. ५ फूट रुंद, ७ फूट लांब, ९ फूट उंच असेल तर त्यात सुमारे ९ घनमीटर हवा मावते. दार लावलेले, थंडी लागू नये म्हणून रोशनदानात पुठ्ठा खोचलेला. एकाच स्नानात एक तृतीयांशाहून अधिक हवा गीझरला हवी आहे. आणि घरात स्नाने चार असतात, एकामागून एक.

प्राणवायू पुरेसा असला की प्रोपेनच्या एका रेणूला प्राणवायूचे पाच रेणू मिळतात आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. तो कमी पडू लागला, की काही कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निळी ज्योत पिवळी, लांबट आणि हलती होऊ लागते. सिलेंडरमधील गॅसला मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांनाही चुरचुरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पाय गळतात. मनुष्याला वाटते वाफेने गुदमरले असेल. कडी काढावी असे मनात येईपर्यंत हातात बळ राहत नाही. दर हिवाळ्यात न्हाणीघरात अशा घटना घडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

आता मूळ गोष्टीकडे या. साध्या गीझरमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी कोणतीही काडी नसते, म्हणून त्यासाठी कोणतेही अक्षर नाही. काचेवर ‘४०’ असा शांत आकडा दिसत असताना खोली विषारी होत असू शकते. ज्योत टिकेनाशी होऊन जर ‘ई १’ आलाच, तर ती त्या खोलीतली एकमेव सूचना असू शकते, आणि आपण काय करतो? नळ बंद करून पुन्हा चालू करतो. काही नमुन्यांत प्राणवायू घटल्यास गीझर बंद करणारी सोय असते. ती असेल तर उत्तम. पण तिनेच गीझर बंद केला असताना तो पुन्हा पुन्हा पेटवला, तर त्या सोयीचा काय उपयोग?

तेव्हा नियम असा. स्नान चालू असताना गीझर विझला किंवा अक्षर दिसले, तर नळ बंद करावा, दार उघडावे, बाहेर यावे आणि घरातील मोठ्यांना हाक मारावी. सेल, सिलेंडर, काजळी हा तपास नंतर करावा, तोही दार उघडे ठेवून. गीझर उघडून आतील तारांना हात लावणे हे विद्यार्थ्यांचे काम नाही, आणि आमच्या मते पालकांचेही नाही.

खरा उपाय गीझर आत नसणे हाच. तो उघड्या गच्चीत किंवा गॅलरीत लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. ज्यांना हे आज शक्य नाही त्यांनी दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, मग दार लावून स्नान करावे. आजीच्या काळी बंबाचे पाणी असेच बादलीत काढून नेत असत. रोशनदानातील पुठ्ठा आजच काढावा. केवळ एक्झॉस्ट पंखा लावून काम भागत नाही, कारण बाहेरची हवा आत यायला खालून जागा नसेल तर पंखा ओढणार काय? नवा गीझर घेताना आय.एस. १५५५८ हे मानक पाहावे, ते घरगुती लहान एल.पी.जी. गीझरांसाठीच आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्मही मिळतो.

आपल्या समाजातील काही मुले इंग्लंडात स्थायिक आहेत. तिकडे गीझरऐवजी सबंध घर तापवणारा गॅस बॉयलर असतो. त्यालाही अशीच अक्षरे: वेलांट कंपनीच्या बॉयलरवर ‘एफ २२’ म्हणजे आत पाण्याचा दाब कमी, ‘एफ २८’ म्हणजे ज्योत पेटली नाही. घरमालकाने ‘एफ २२’ वाचून पाण्याचा दाब स्वतः वाढवावा इतपत मोकळीक आहे, पण गॅसच्या भागाला हात लावणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असावे लागते. तिथले आधुनिक बॉयलर हवा बाहेरून दुहेरी नळीने घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात, खोलीतील हवेशी त्यांचा संबंध नसतो. एवढे असूनही १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधील भाड्याच्या घरांत, जेथे असा बॉयलर आहे त्या खोलीत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला आहे.

कोणी न्हाणीघरात हाकेला उत्तर देत नसेल तर दार तोडावे, गॅस बंद करावा, श्वास रोखून त्याला उघड्या हवेत ओढून आणावे आणि १०८ वर फोन करावा. डॉक्टरांना गॅस गीझर होता हे न विसरता सांगावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या काळापासून बऱ्याच घरांत आहे, पण येथे तो फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही तो प्राणवायूने भरलेले रक्त समजतो आणि ९८ दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास, म्हणून रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये. न्हाणीघरात अचानक आकडी आलेल्या काही रोग्यांना आधी अपस्मार समजले गेले आणि नंतर कारण गॅस गीझर निघाले, अशा नोंदी भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. कोणाला स्नानानंतरच वारंवार डोके दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी गीझर कोठे लावला आहे ते पाहा.

नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांनी येत्या शनिवारपर्यंत हे करावे: घरच्या न्हाणीघराची लांबी, रुंदी, उंची मोजून घनमीटर काढावेत, गीझर आत की बाहेर ते लिहावे, त्याच्या पुस्तिकेतील सर्व अक्षरांचा अर्थ मराठीत उतरवून तो कागद गीझरशेजारी चिकटवावा. ज्यांच्या घरी पुस्तिका हरवली आहे त्यांनी गीझरवरील कंपनीचे नाव व नमुना क्रमांक आणावा, आम्ही शाळेच्या संगणकावरून पुस्तिका काढून देऊ. ज्यांचा गीझर आत आहे, त्यांच्या पालकांनी पालकसभेनंतर विज्ञान शिक्षकांना अवश्य भेटावे.