कोठीला घाम का येतो? सोयाबीन भरण्याआधी एवढं वाचा

*साठवणुकीचा पाठ*



सोयाबीनची मळणी बहुतेकांची उरकत आली आहे. भाव बघून काही जणांनी माल लगेच मोंढ्यावर न नेता घरी ठेवायचं ठरवलंय. ठेवायला हरकत नाही. पण पत्र्याच्या कोठीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणार असाल, तर हा मेसेज शेवटपर्यंत वाचा. लांब आहे, निवांत चहा घेत वाचा.

आधी माझ्याच घरची चूक सांगते. मागच्या वर्षी आम्ही सात क्विंटल सोयाबीन कोठीत भरलं. दिवसभर ताडपत्रीवर वाळवलं आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घाईघाईने कोठीत ओतलं. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी अण्णांनी झाकण उघडलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. अण्णा म्हणाले, "कोठीला घाम आलाय." मी म्हणाले, "झाकण सैल आहे, बाहेरचं दव आत जातंय." म्हणून मी झाकणाच्या कडेने चिकटपट्टी लावून कोठी गच्च बंद केली. तीन आठवड्यांनी उघडली तेव्हा वरचा चार बोटांचा थर बुरशीने एकमेकांना चिकटून ढेपेसारखा झाला होता. जवळजवळ ३० किलो माल उकिरड्यावर गेला. खालचा दाणा धड होता, पण कुबट वासामुळे त्याचाही भाव तुटला.

अण्णांचा शब्द बरोबर होता, माझं निदान चुकलं. *पाणी बाहेरून आलं नव्हतं, ते आमच्याच सोयाबीनमधून निघालं होतं.* ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे.

*घाम येतो कसा?*

उन्हाळ्यात तांब्यात माठाचं किंवा फ्रीजचं गार पाणी घेतलं की तांब्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमतात. तांब्या गळतोय असं आपण म्हणत नाही. हवेतली वाफ गार धातूला लागून तिचं पाणी होतं, एवढंच. कोठीत हेच उलट्या बाजूने होतं. पत्रा बाहेरच्या थंडीने गार होतो आणि आतली दमट हवा त्याला आतून लागते.

हिशोब बघा. ३० अंश तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. तीच हवा १२ अंशांपर्यंत गार झाली तर जेमतेम ११ ग्रॅम धरते. बाकीची वाफ पाणी होऊन पत्र्यावर बसते.

आता आपली दिवाळीनंतरची हवा आठवा. दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे गोधडी लागते. पत्रा रात्री पटकन गार होतो. धान्य मात्र तापलं की लवकर निवत नाही, कोठीच्या मधलं तर आठवडेच्या आठवडे कोमट राहतं. मधली कोमट, दमट हवा वर चढते, गार झाकणाला लागते, तिथे पाणी होतं आणि थेंब वरच्या थरावर पडतात. म्हणून नासाडी बहुतेक वेळा वरून आणि पत्र्याला लागून सुरू होते. मधला दाणा चांगला दिसतो आणि आपण फसतो.

*पाणी किती असतं?*

१० क्विंटल सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल, तर त्या कोठीत १४० लिटर पाणी आहे. ते आपल्याला दिसत नाही, कारण ते दाण्यात आहे. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर जवळपास २३ लिटर पाणी उडून जातं, म्हणजे साधारण दीड बादली. हे पाणी उन्हात उडालं तर वजन थोडं घटतं. कोठीत राहिलं तर माल घटतो.

काही जण म्हणतील, खरेदी केंद्रावर तर १५ टक्क्यांचाही माल घेतला होता. बरोबर आहे. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांची अट असते आणि २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. पण ती विकण्याची सवलत होती. बुरशीला असली सवलत कळत नाही. साठवायच्या मालाचं माप वेगळं.

*साठवणुकीसाठी ओलावा*

• सोयाबीन, पोत्यात: १२ टक्क्यांच्या आत
• सोयाबीन, बंद कोठीत: १० टक्क्यांच्या आसपास
• तूर, हरभरा: ९ ते १० टक्के
• गहू, ज्वारी: १२ टक्क्यांच्या आत, बंद कोठीत १० बरा

*भरण्याआधी काय करायचं?*

*१) मोजा, अंदाज करू नका.* दाताखाली दाणा कट्ट वाजला म्हणजे वाळला, ही जुनी पारख चांगली आहे, पण तिला १२ आणि १४ मधला फरक कळत नाही. घरी मिठाची चाचणी करता येते. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात एक तृतीयांश सोयाबीन आणि दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ टाका. मीठ आधी तव्यावर गरम करून थंड करून घ्या. झाकण लावून एक मिनिट हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळं राहिलं तर १५ च्या खाली आहे, पण १२ च्या खाली आहे असं नाही. म्हणून पुढचं मोजमाप संकलन केंद्रावरच्या मीटरवर करून घ्या. नमुना वरचा, मधला आणि तळाचा असा तिन्हीकडून घेऊन एकत्र करा. उन्हातून थेट उचललेला गरम दाणा मीटरवर टाकू नका, आकडा चुकतो.

*२) थंड करूनच भरा.* आमची चूक इथेच झाली. वाळवलेला माल घरात किंवा पडवीत पातळ पसरून रात्रभर निवू द्या. उघड्यावर ठेवलात तर दव पडून पुन्हा ओला होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर, हाताला दाणा गार लागतो याची खात्री करून भरा.

*३) काडीकचरा, हिरवे आणि फुटके दाणे काढा.* हिरव्या शेंगा आणि काड्यांमध्ये ओलावा जास्त असतो. फुटक्या दाण्यावर बुरशी आधी धरते. चाळण मारल्याशिवाय कोठी भरू नका.

*४) कोठीची जागा बदला.* अंगणात किंवा शेडच्या कडेला उघड्यावर असलेली कोठी दिवसा तापते आणि रात्री गारठते. तिला घराच्या आत घ्या. खाली लाकडी फळ्या किंवा विटा द्या, भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा. पाण्याची टाकी, न्हाणी आणि चूल यांच्याजवळ नको.

*५) वर गोणपाट ठेवा.* कोठी शक्यतो भरून घ्या, रिकामी जागा जितकी कमी तितकी वरची हवा कमी. धान्यावर कोरडं, स्वच्छ गोणपाट पसरून मग झाकण लावा. गोणपाट म्हणजे औषध नाही, तो निरोप्या आहे. ओलं लागलं तर आत गडबड आहे, हे तुम्हाला आठवडाभर आधी कळतं.

*पत्र्याच्या शेडमध्ये पोती असतील तर*

पहाटे छताच्या पत्र्यावरून थेंब थेट थप्पीवर पडतात. पोती गच्च प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतला दमटपणा आतच कोंडतो. छताखाली, थप्पीच्या हातभर वर, ताडपत्री उतरती बांधा. थेंब घरंगळून बाजूला पडतील आणि पोत्यांना हवाही लागेल. खाली फळ्या हव्यातच, सिमेंटची फरशीही ओल देते.

*पहिले दोन महिने नजर ठेवा*

दर आठ दिवसांनी तपासा. पारा एकदम उतरला की दुसऱ्या दिवशी पहाटे झाकणाच्या आतल्या बाजूला हात फिरवा. कोपरापर्यंत हात धान्यात घाला. आत गरम लागलं किंवा कुबट वास आला तर थांबू नका.

*घाम दिसला तर* झाकण आणखी घट्ट करू नका, तेच माझं चुकलं होतं. झाकण पुसा, चिकटलेला थर वेगळा काढा आणि बाकी सगळा माल बाहेर काढून एक-दोन दिवस ऊन द्या. गार करा, मोजा, मग परत भरा. नुसता वरचा थर काढून झाकण लावलं तर दहा दिवसांत पुन्हा तेच होतं.

बुरशीचा माल चांगल्यात मिसळू नका. जनावरांना आणि कोंबड्यांनाही घालू नका, बुरशीचं विष वाळवल्याने किंवा धुतल्याने जात नाही. तो माल हाताळताना नाकाला रुमाल बांधा. आणि वास आला म्हणून घरातल्या कोठीत किडीच्या विषारी गोळ्या तर अजिबात टाकू नका. ओलाव्याने त्यांचा गॅस लवकर सुटतो आणि तो माणसाच्या जिवावर बेततो.

*घरचं बियाणं ठेवणाऱ्यांसाठी*

बियाण्याचं सोयाबीन कोठीत नकोच. प्रमाणित बियाण्याच्या निकषात साध्या पोत्यासाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, पण हवाबंद भांड्यासाठी ७ टक्क्यांपर्यंतच. एवढं वाळवणं घरी जमत नाही. १२ टक्क्यांचं बियाणं पत्र्यात कोंडलं की कोंब मरतो, दाणा बाहेरून मात्र छान दिसतो. उगवण किमान ७० टक्के हवी. कळतं ते जूनमध्ये, पेरणी झाल्यावर. म्हणून बियाणं स्वच्छ गोणपाटाच्या पोत्यात, फळ्यांवर, कमी उंचीच्या थप्पीत ठेवा. पोती आपटू नका.

*तुमचे दोन प्रश्न*

*"झाकणाला भोक पाडू का?"* नको काका. भोकातून किडे शिरतात आणि ढगाळ दिवशी बाहेरची दमट हवाही. हवा द्यायची असेल तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी दुपारी तासभर झाकण उघडा. धुकं किंवा आभाळ असेल त्या दिवशी बंदच ठेवा.

*"कोठीत चुना किंवा मिठाची पुरचुंडी ठेवली तर?"* ताई, वरचा हिशोब पुन्हा बघा. आत दीड बादली पाणी जास्तीचं आहे. किलोभर चुन्याने त्यातलं किती शोषलं जाणार? ते काम ऊनच करतं, आणि ते फुकट आहे.

*थोडक्यात:* वाळवा, मोजा, गार करा, मग बंद करा. यातला "गार करा" बहुतेक जण विसरतात. मीही विसरले होते.

या आठवड्यात भरणार असाल तर आधी पावशेर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून केंद्रावर आणा, लगेच मोजून देते. ज्यांनी आधीच कोठी भरली आहे, त्यांनी उद्या पहाटे झाकण उघडून बघा आणि आतल्या बाजूचा फोटो मला पाठवा. फोटो जमत नसेल तर बोलून मेसेज टाका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा.

आपली,
कृषी सल्लागार