रीफ टँकचा तळ: वाळू घालायची की काच उघडी ठेवायची?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या जुन्या इमारतीत, नौपाड्यात किंवा डोंबिवलीत भाड्याच्या घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक लावायचा विचार असेल, तर वाळूचा दर विचारण्याआधी भाडेकरार काढून बघा. करार अकरा महिन्यांचा असेल आणि पुढची खात्री नसेल, तर तळ उघडा ठेवा. स्वतःचं घर आहे पण इमारत पुनर्विकासाला निघाली आहे, तरीही हाच सल्ला. कारण सांगतोच, आधी पैशांचं बघू.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक धरा. काठोकाठ भरला तर सुमारे १८० लिटर. त्याच्या तळाला वाळूचा एक सेंटिमीटर थर द्यायला चार लिटर वाळू लागते, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास. नेहमीचा चार सेंटिमीटरचा थर म्हणजे २५ किलो. हिशेबापुरता किलोला २५० रुपये दर धरू, तुम्हाला मिळेल तो दर त्या जागी घाला. झाले सव्वासहा हजार. दहा सेंटिमीटरचा खोल थर हवा असेल तर ६३ किलो, पंधरा हजारांच्या वर.

आता मिठाकडे बघा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर १८ लिटरला, लिटरमागे ३६ ग्रॅमप्रमाणे, साडेसहाशे ग्रॅम मीठ जातं. वर्षाला ३४ किलो. किलोला ३५० रुपये धरले तर बारा हजार, आणि ते दर वर्षी. वाळू एकदाच घ्यायची असते. ठाण्यातल्या एप्रिल-मेमध्ये पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवणाऱ्या चिलरचा खर्च तर तळ कसाही असला तरी चुकत नाही. तेव्हा वाळूचे पैसे वाचतात म्हणून कोणी बेअर बॉटम, म्हणजे उघडा तळ, सुचवत असेल, तर ते कारण फारसं धरू नका.

उघड्या तळाला दुसरीकडे खर्च आहे. घाण एका जागी साचू नये म्हणून प्रवाह जोरदार लागतो. काटेरी फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरासारख्या प्रवाळांसाठी टँकच्या पाण्याच्या वीस ते चाळीस पट प्रवाह तासाला ठेवतात, म्हणजे आपल्या टँकला ३,६०० ते ७,२०० लिटर. त्यासाठी दहा वॅटचा एक वेव्हमेकर जास्तीचा लावला, तर वर्षाला ८८ युनिट वीज. युनिटला दहा रुपये धरले तरी नऊशेच्या आत. खरा खर्च त्या पंपाच्या किमतीचा. बदल्यात साचलेली घाण डोळ्यांना दिसते आणि पाणी बदलतानाच नळीने ओढून घेता येते. बारीक वाळूवर एवढा प्रवाह सोडला की ती उडून प्रवाळांवर बसते.

आता भाडेकराराचं कारण. वाळूत माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं मुरत जातं. खोल थराच्या तळाशी प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात, हा खोल थराचा मोठा फायदा. पण तोच थर दोन वर्षांनी ढवळला गेला, तर अडकलेली घाण आणि कधी कधी हायड्रोजन सल्फाइड पाण्यात सुटतं आणि मासे मरतात. घर बदलताना वाळू न ढवळता टँक हलवणं जवळपास अशक्य. मग जुनी वाळू फेकायची किंवा पूर्ण धुवायची, नवी घ्यायची, आणि जिवाणूंचा जम पुन्हा बसेपर्यंत काही आठवडे पाणी तपासत राहायचं. उघडा तळ असेल तर खडक बादलीत, मासे बादलीत, टँक टेम्पोत. वीज गेल्यावरही फरक जाणवतो. प्रवाह थांबला की वाळूतले जिवाणू प्राणवायू ओढतच राहतात. वाळू घालणार असाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या.

तरीही काही जिवांना वाळू लागतेच. हॅलिकोरीस जातीचे रास मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, वाळू चाळणारे गोबी तिच्यातूनच खातात, जॉफिश बीळ करतो. असा मासा हवा असेल तर त्याला उघड्या काचेवर ठेवू नका, तो क्रूरपणा आहे. एखाद-दुसऱ्या राससाठी मात्र मधला मार्ग आहे: काचेच्या पसरट भांड्यात सहा-सात सेंटिमीटर वाळू भरून खडकाआड ठेवा. टँक हलवताना भांडंच उचलायचं.

वाळू घेताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘जिवंत वाळू’च्या ओल्या पिशवीत तुम्ही पाण्याचंही वजन विकत घेता. कोरडी वाळू धुऊन घाला आणि ओळखीच्या निरोगी टँकमधली वाटीभर वाळू वर पसरा, काम होतं. अ‍ॅरागोनाइटची वाळू पीएच आणि कॅल्शियम सांभाळते, या दाव्याला जास्त पैसे देऊ नका. रीफच्या ८.१ ते ८.३ पीएचला ती जवळपास विरघळतच नाही. आणि कोकणातून पिशवी भरून आणायची कल्पना सोडा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज असतं, ते टँकमध्ये नको.

प्रवाळाचा चुरा स्वस्तात मिळाला तर अजिबात घेऊ नका. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा मेलेल्या तुकड्यालाही लागू होतो. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ आधीच तापत्या पाण्याने पांढरे पडत आहेत, त्यांचे तुकडे आपल्या दिवाणखान्यात नकोत. आयात केलेल्या जिवांसाठी आयातीचे कागद आणि पक्कं बिल मागा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. बाकी मालात फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

टँक आणि वाळू टेंभी नाक्यावर मागवायची असेल तर नवरात्राचे दिवस टाळा. देवीच्या उत्सवात वाहतूक वळवलेली असते, आणि काचेचा टँक गर्दीतून हातावर नेणं धोक्याचं. जोडणी करताना खडक आधी थेट काचेवर किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पक्के बसवा, वाळू नंतर भोवतीने ओता. वाळूवर खडक रचले, तर गोबीने खाली उकरल्यावर ते कोसळतात आणि काच फुटते.